पश्चिमरंग, भाग सातवा

शेवटच्या पानावर विक्रांत चौथ्या मजल्यावर जातो, बेल दाबतो, आणि दार उघडणारी बाई त्याच्याकडं नीट बघून म्हणते, "दादा, किती उशीर केलास." पुस्तक तिथंच संपलं. शंभुलिंगनं मागचं कोरं पान उलटून पाहिलं, पुन्हा पुढं आला, पुन्हा ते वाक्य वाचलं आणि पुस्तक मिटून बियाण्याच्या पिशव्यांवर ठेवलं. ठेवलं म्हणजे हातातून सुटलं म्हटलं तरी चालेल. लोहाऱ्याच्या बाजारात, भर दुपारी, खताच्या उग्र वासात, समोरून जीपवाला "उमरगा, उमरगा" ओरडत चाललेला असताना त्याची मेलेली बहीण पुण्यातल्या एका फ्लॅटचं दार उघडून उभी राहिली होती. दुकानात एक गिऱ्हाईक तणनाशकाचा भाव विचारत होतं. शंभुलिंगनं त्याला काय सांगितलं ते त्याचं त्यालाच कळलं नाही. गिऱ्हाईक मात्र "बरं, सांच्याला येतो" म्हणून निघून गेलं, त्या अर्थी काहीतरी भलतंच सांगितलं असावं.

पुस्तकात तिचं नाव गौरी होतं, पण ती भुवी होती. शंभुलिंगची धाकटी बहीण भुवनेश्वरी, त्र्याण्णवच्या भूकंपात सास्तूरच्या घरात मातीच्या जड माळवदाखाली गेलेली. 'पश्चिमरंग' या मालिकेच्या सहाव्या भागात तिचं मरण आलं होतं आणि ते शंभुलिंगनंच दिलेलं होतं, एखाद्याला घरातली जुनी वस्तू काढून द्यावी तसं. आता सातव्या भागात त्या वस्तूला हातपाय फुटले होते. असल्या युक्त्या त्याला नवीन नव्हत्या. मेलेलं माणूस परत आणणं ही मालिका लिहिणाऱ्यांची सगळ्यांत स्वस्त खोड आहे, असं त्यानं स्वतः छापून आणलं होतं, आणि एकदा नाही. त्यामुळं त्यानं खरं म्हणजे हसायला हवं होतं. परीक्षणाचं पहिलं वाक्यसुद्धा तयार होतं. पण त्यानं पुस्तक पुन्हा उचललं आणि ते शेवटचं वाक्य तिसऱ्यांदा वाचलं.

खतं-बियाणं विकणारा माणूस पुस्तकांची परीक्षणं लिहितो याचं गावाला कोण कौतुक. काहीजण त्याला तोंडावर 'समीक्षकसाहेब' म्हणत आणि पाठ वळली की हसत. सोलापूरच्या एका दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत त्याचा कोपरा होता. तिथं तो गंभीर पुस्तकांच्या वाटेला जात नसे. त्याची आवड एकच, शहरातल्या माणसांच्या लांबत जाणाऱ्या कादंबऱ्या. सोसायट्या, पार्किंगची भांडणं, ऑफिसातली प्रेमं, घटस्फोट, सासवांचे गुडघे. 'पश्चिमरंग' ही पुण्यातल्या याच नावाच्या सोसायटीची मालिका, तीत तर तो राहायलाच गेल्यासारखा होता. डी विंगची लिफ्ट कुठल्या मजल्यावर अडते, दूधवाला कुणाच्या दारात मुद्दाम उशिरा जातो, देशपांड्यांची सून खिडकीत उभी राहून कुणाशी बोलते, सगळं त्याला पाठ. एकदा मेव्हण्याच्या वास्तुशांतीला तो खरोखरच पुण्याला गेला तर लिफ्टमध्ये कुणी कुणाशी बोललंच नाही. माणसं आपापल्या बुटांकडं बघत वर गेली. शंभुलिंगला ते पुणं अर्धवट वाटलं. पुस्तकातलं पुणं जास्त खरं आहे, असं त्यानं पुढच्या परीक्षणात ठोकून दिलं आणि त्याबद्दल पुण्यातल्याच वाचकांनी त्याला शाबासकी दिली. असा तो शहराचा जाणकार होता.

ही आवड लागली कशी, हे तो कुणाला सांगत नसे. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये दिवस काढताना बाहेरगावची मदत यायची, जुने कपडे, चादरी, तवे, आणि एकदा कुणा पुणेकरानं पाठवलेल्या खोक्यात कपड्यांच्या तळाशी कादंबऱ्या निघाल्या. बायकांनी त्या चुलीला काढून ठेवल्या होत्या. तेरा-चौदा वर्षांचा शंभुलिंग हात गळ्यात बांधून बसलेला, दुसरं काही करण्याजोगं नव्हतं. त्यानं एक उचलली. तिच्यात एक कुटुंब होतं, चौथ्या मजल्यावर राहायचं, आणि आख्ख्या पुस्तकभर ते घर जागेवर राहिलं. माणसं रुसली, पळून गेली, एक आजोबा वारले. पण ते आजारी पडून, सगळ्यांना जवळ बोलावून, सावकाश बोलून वारले. कुणी झोपेत चेंगरलं नाही. त्या कादंबऱ्यांत भिंती पडत नसत. नंतर पुनर्वसनात रांगेनं घरं मिळाली, सगळी एकसारखी, कुठल्याही दारात शिरलं तरी आपलंच वाटावं अशी, आणि तरीही वर्षानुवर्षं त्याची अव्वा, म्हणजे आई, अंगणात बाज टाकून निजायची. शंभुलिंग मात्र आत निजायचा, उशाला पुस्तक घेऊन. पुढं दुकान झालं, लग्न झालं, अव्वा गेली, वडील वीरप्पा गेले, पण ती सवय राहिली. लोकांना वाटायचं याला शहराची हौस आहे. हौस कसली? त्याला फक्त असं एक गाव पाहिजे होतं, जिथं सकाळी उठल्यावर सगळे जागेवर असतील.

देवश्रीबाईंचा पहिला फोन आला तेव्हा तो इतका हरखला की उभाच राहिला. 'पश्चिमरंग' लिहिणारी बाई स्वतः बोलत होती. तिनं परीक्षणं वाचली होती. "तुम्ही पुण्यात कुठं असता?" तिनं विचारलं. "न्हाई ओ, आमी लोहाऱ्याला." लोहारा कुठं ते तिला माहीत नव्हतं. कुणालाच नसतं. मग नेहमीप्रमाणं किल्लारीचं नाव घेऊन सांगावं लागलं, आणि किल्लारी म्हटल्यावर तिचा आवाज बदलला. "अगं बाई! म्हणजे तुम्ही त्या भूकंपात...?" एरवी शंभुलिंग एवढ्यावर विषय तोडत असे. बायकोलासुद्धा त्यानं कधी सगळं सांगितलं नव्हतं. पण त्या दिवशी, खुद्द त्या भक्कम घरांची मालकीण आपलं ऐकते आहे या भरात, तो बोलत सुटला.

काय सांगितलं होतं त्यानं? गणपती बोळवून आलेलं गाव, अंगावरचा गुलालही धुतला नव्हता. पहाटे सगळं खाली आलं. त्याला पडवीतून ओढून काढलं, अव्वाला कंबर मोडलेल्या अवस्थेत ट्रकमधून सोलापूरला नेलं, आणि भुवी सापडेना. दुसऱ्या दिवशी गावाबाहेर चिता पेटल्या. एकेकट्या कुठल्या, मिळेल ते लाकूड, तुळया, दारं, त्यावर ओळीनं माणसं, आणि वरून रॉकेल. जवान आणि बाहेरून आलेली पोरं तोंडाला फडकी बांधून ते काम करत होती, त्यांचा तरी काय दोष, रोगराईची भीती होती. पण शंभुलिंगच्या लिंगायत घरात माणसाला जाळत नाहीत. न्हाऊ घालून, कपाळाला विभूती लावून, हातात इष्टलिंग देऊन मातीत बसवतात. वीरप्पा त्या धुरातून चालत आले तेव्हा त्यांच्या खांद्यावर चादरीत गुंडाळलेलं काहीतरी होतं. कुणी अडवायला आलं तर त्यांनी एवढंच म्हटलं, "आमच्यात जाळत न्हाईत," आणि ते थेट शेताकडं गेले. शंभुलिंग मागून गेला. बांधाजवळ वडिलांनी त्याला उभं केलं, खांदा धरून तोंड दुसरीकडं फिरवलं. "तिकडं बघ. वळू नगंस." पाठीमागं कुदळीचा आवाज, पाण्याचा आवाज, जळकोटहून मदतीच्या टेम्पोत बसून आलेल्या नीलम्मा आत्याचं हुंदके दाबत चाललेलं "शिवा, शिवा." तो समोरच्या तुरीकडं बघत राहिला. वळला नाही. एवढंच.

"म्हणजे तुम्ही तिचा चेहरा पाहिलाच नाही?" देवश्रीबाईंनी विचारलं होतं. "न्हाई." मग फोनवर बराच वेळ कुणी बोललं नाही. शंभुलिंगला वाटलं, बाईला भरून आलं. त्या शांततेचं त्याला इतकं बरं वाटलं होतं. आज सातवा भाग वाचून झाल्यावर त्याला कळलं, की बाई तेव्हा रडत नव्हती. तिला कच्चा दुवा सापडला होता.

सहावा भाग आला तेव्हा तो घरात कोपरा धरून ढसाढसा रडला होता. सोसायटीतल्या विक्रांतची, कुठल्याशा मोठ्या कंपनीतल्या साहेबाची, दडवून ठेवलेली लहानपणची गोष्ट म्हणून ते सगळं आलं होतं. गुलाल, धूर, चादर, तूर. बाईनं सुरेख लिहिलं होतं, ते नाकारण्यात अर्थ नाही. तीस वर्षं छातीवर धोंड होती ती कुणीतरी उचलून चार लोकांत ठेवली, असं त्याला झालं. त्या भरात त्यानं परीक्षण लिहिलं, आयुष्यातलं सगळ्यांत लांब, आणि त्यात हेही लिहून टाकलं, की यातला शब्दन्‌शब्द खरा आहे, मी त्याचा साक्षी आहे. पुरवणीच्या संपादकानं ते वाक्य ठळक करून मधोमध छापलं. नातेवाइकांत पेपर फिरला. पुस्तक वाचणारं भावकीत कुणी नव्हतं, पण 'पश्चिमरंग' मोबाईलवर रोज थोडी थोडी ऐकायलाही मिळायची, पुस्तक निघायच्या आधीच. शंभुलिंगनं हौसेनं सगळ्यांना सांगितलं, ऐका, आपल्या भुवीचं आहे. जळकोटला गेला तेव्हा आत्याच्या सुनेच्या मोबाईलवर त्यानं स्वतःच ते सुरू करून दिलं होतं. ती म्हातारी तो चौकोनी आवाज कानाशी धरून बसली होती आणि तिच्या सुरकुत्यांतून पाणी वाहत होतं.

दुपार कलली तसं त्यानं शेवटी देवश्रीबाईंना फोन लावला. परीक्षणासाठी दोन गोष्टी विचारायच्या आहेत, असं स्वतःला बजावून लावला.

"वाचलंत?" बाई खुशीत होत्या. "शेवट कसा वाटला?"

"बाई, ती मेलेली हाय."

"कोण? गौरी? अहो, वाचकांनी माझं डोकं खाल्लं. रोज शंभर मेसेज, गौरीला परत आणा म्हणून. आणि खरं सांगू का, कल्पना तुमचीच आहे. तुम्ही म्हणाला होतात ना, चेहरा पाहिला नाही. ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईचना." मग जरा थांबून, मऊ आवाजात, "तुम्हाला स्वतःला कधी वाटलंच नाही का हो तसं?"

शंभुलिंग "न्हाई" म्हणाला आणि ते खरंही होतं. तीस वर्षांत एकदाही वाटलं नव्हतं. पण फोन ठेवल्याबरोबर वाटायला लागलं. घरात साप शिरला असं कुणी नुसतं म्हणावं, मग साप असो नसो, माणूस रात्रभर पाय जमिनीला लावत नाही. चादर होती. चादरीत काय होतं ते त्यानं पाहिलं नव्हतं. त्या दिवसांत लेकरांची फार उलथापालथ झाली होती. कोण कुठल्या दवाखान्यात गेलं, कुणाला कोण घेऊन गेलं, महिनाभर लोक नावं पुकारत हिंडत होते. वडिलांनी इतक्या धुरात, इतक्या माणसांत भुवी ओळखली कशी? आणि ओळखली होती तर मला का नाही दाखवली? त्यानंतर मरेपर्यंत वडिलांनी तिचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. शेतात त्या जागी दगड रोवला होता, दरवर्षी फूल वाहायचे, पण नाव नाही. शंभुलिंगनं ते दुःख समजलं होतं. आता तो परीक्षण लिहिणारा माणूस जागा झाला, ज्याला पहिल्या भागात पेरलेला धागा सहाव्यात कसा उचलतात ते बरोबर कळायचं, आणि तो माणूस वडिलांना वाचायला लागला. फूल वाहताना ते खाली का बघायचे? अव्वानं विचारलं, "शेवटी कशी दिसत व्हती माझी लेक?" तेव्हा ते उठून बैलांकडं का गेले? प्रत्येक गप्प बसण्याचा आता काहीतरी अर्थ निघत होता. आपल्या बापाला आपण मालिकेतल्या पात्रासारखं तपासतो आहोत याची त्याला किळस आली. किळस आली तरी तपासणं थांबलं नाही.

याहून वाईट पुढंच होतं. भुवीचा फोटो नव्हता. घरात होता तो ढिगाऱ्यात गेला, शाळेतला शाळेबरोबर गेला. तिचा चेहरा उरला होता तो फक्त त्याच्याजवळ, आणि तो त्याला हवा तेव्हा आठवायचा, इतका, की कधी मुद्दाम आठवण्याची गरजच पडली नव्हती. आता गल्ल्यावर बसून त्यानं डोळे मिटले आणि तिला बोलावलं. आली ती चाळिशीची बाई. डोळ्यांखाली थकवा, केस बांधलेले, दारातून हसणारी. त्यानं तिला ढकललं. पुन्हा बोलावलं, विहिरीवर, फ्रॉकमध्ये, चिंचा मीठ लावून खाताना. फ्रॉक आला, चिंचा आल्या, आणि वर तोंड त्या बाईचं. तो घाबरला. खरोखरच घाबरला, लहान मूल गर्दीत घाबरतं तसा. भुवी एकदा माळवदाखाली गेली होती. आता ती दुसऱ्यांदा जात होती, आणि या खेपेला त्यानंच तुळई काढून घेतली होती.

दुपारचं जेवण राहिलं होतं, ते उशिरा घरी जेवताना शिवप्रियानं, त्याच्या बायकोनं, ताटातली भाकरी तशीच बघून विचारलं. त्यानं तुटक तुटक सांगितलं. ती पुस्तकं वाचत नसे आणि नवऱ्याच्या परीक्षणांबद्दल तिचं मत तिनं कधी लपवलं नव्हतं. "पुस्तकातलं हाय ते," ती म्हणाली, "त्याचा घोर जिवाला लावून घ्यायचा व्हय?" मग त्याच्या तोंडाकडं बघून तिचा आवाज उतरला. "आंगुळ कुणी घातली व्हती तवा?"

"आत्यानं."

"मग आत्या हाईत की अजून. जावा, इचारून या. हितं बसून डोस्कं पिकवू नगा."

इतकी साधी गोष्ट त्याला सुचली नव्हती. आत्यानं पाहिलं होतं. या जगात भुवीचा शेवटचा चेहरा पाहिलेलं एक माणूस अजून जिवंत होतं, ऐंशीच्या पुढचं, पण जिवंत. तिनं एकदा म्हटलं, व्हय, भुवीच होती, की हा फ्लॅट, ती बेल, ती बाई, सगळं जागच्या जागी कागदाचं होऊन जाईल. आणि कदाचित तिला विचारता येईल, कशी दिसत होती. डोळे मिटले होते का. तेवढ्या आधारावर त्याला चेहरा परत लावून घेता आला असता. दुकान बंद करून त्यानं मोटारसायकल काढली. परीक्षण संध्याकाळपर्यंत पाठवायचं होतं, संपादकाचे दोन निरोप येऊन पडले होते. पडू देत.

लोहारा ते जळकोट रस्ता त्याच्या अंगवळणी पडलेला. दोन्ही बाजूंना काढणीला आलेलं सोयाबीन पिवळं पडलेलं, कुठं कुठं मळणीयंत्राचा धुरळा. तो धुरळा दिसला की एरवी त्याला धंदा आठवायचा. आज नाकात शिरला तसा त्याला जुन्या मातीचा वास आला, पांढऱ्या मातीचा, घरांच्या आतल्या अंगाचा, जो वास माणसाला कधी यायलाच नको असतो. आपण तेव्हा वळलो असतो तर, असं त्याच्या मनात पहिल्यांदाच आलं. वडील काय करणार होते? एक मुस्काटात बसली असती. तेवढ्यावर मिटलं असतं. आता तीस वर्षांनी एका बाईला पुण्यात बसून त्याच्या मानेवरून हात फिरवता आला, ही मान वळली नव्हती, इथून शिरू. तिच्यावर रागवावं तर तो रागही पुरता येईना. जागा त्यानंच दाखवली होती. शहरातल्या भक्कम भिंतींत बहिणीला ठेवायला दिलं होतं, सुरक्षित राहील म्हणून.

आत्याचं घर हायवेला लागून. ट्रक गेला की फळीवरची भांडी किणकिणायची. घरच्यांना त्याचं काही नव्हतं, शंभुलिंगची नजर मात्र दर वेळी छताकडं जायची. आत्या ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. त्याला बघून तिचं तोंड असं उजळलं, की तो क्षणभर कशाला आलो तेच विसरला. तिनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला, बोटं मोडली. सून चहा ठेवायला आत गेली.

"आत्या, एक इचारायचं हाय," त्यानं बसता बसताच काढलं, नाहीतर ते राहून गेलं असतं. "भुवीला आंघोळ तुमीच घातली व्हती न्हवं?"

"म्याच की. दुसरं कोण व्हतं? तुझी अव्वा सोलापुरात."

"तोंड बघितलं व्हतं तुमी?"

आत्यानं हातातली शेंग खाली ठेवली. "बघितलं न्हाई तर काय? मातीनं भरलं व्हतं समदं. नाकात, कानात. म्या वल्लं फडकं करून पुसलं, हळूहळू, दुखंल म्हणून. लेकराला काय दुखतंय तवा, पण हात तसाच चालतो. मग इबूत लावली. झोपल्यागत दिसली बग. खालचं व्हट जरा दाबलेलं, रुसल्यावर दाबायची तसं."

खालचा ओठ. शंभुलिंगच्या आत काहीतरी लख्ख झालं. रुसलेली भुवी, ओठ दाताखाली धरून कणगीमागं जाऊन बसलेली, नाकाचा शेंडा लाल, सगळी आली, एका क्षणात, तिच्या स्वतःच्या तोंडासकट. त्याच्या डोळ्यांना धारा लागल्या. "म्हंजी भुवीच व्हती ती," तो म्हणाला.

"तवा तसंच वाटलं व्हतं," आत्या म्हणाली.

डोळे पुसायला उचललेला हात त्यानं तसाच खाली आणला.

"धुरळाच किती व्हता रं. डोळं कुणाचं ठिकाणावर व्हतं? सुजलेलं लेकरू, कुणाचं बी आपल्यासारकंच दिसतं. माझीच नजर चुकली आसंल." ती पुढं सरकली आणि तिनं त्याचा हात धरला. तिच्या तोंडावरचा तो उजेड त्याच्या येण्याचा नव्हता, हे त्याला आता कळलं. "ऐकलं म्या परवा. सूनबाईनं लावलं व्हतं. जिती हाय की रं आपली भुवी! पुण्यात हाय. म्या वाटच बघत व्हते तुजी, कवा येतुस न् कवा सांगतुस म्हणून."

"आत्या," तो म्हणाला, "ती गोष्ट हाय. त्या बाईनं मनानं लिवलेली. खोटी हाय."

"खोटी कशी? पेपरात तूच लिवलं न्हवंस, शब्द न् शब्द खरा म्हणून? सूनबाईनं वाचून दाखवलं मला. तुजं नाव व्हतं खाली."

"ते मागल्या भागाचं."

"मग? बाई तीच न्हवं का?" आत्या रागावली नव्हती, ती समजावत होती, लहानपणी समजावायची तसं. "लेकरू मेलं म्हणली तवा तू खरं म्हणलास. आता जितं हाय म्हणती तर खोटं म्हणतूस? आसं कसं रं बाबा? तू सांगितल्यावर तिनं चौकशी केली आसंल. शिकलेली बाई, उगं लिवंल व्हय?"

इतकी वर्षं पुस्तकांवर लिहिणाऱ्या माणसाजवळ याला उत्तर असायला हवं होतं. कथेतलं खरं वेगळं आणि असलेलं खरं वेगळं, असलं काहीतरी त्यानं कितीदा तरी लिहिलं होतं. ते इथं, शेंगांच्या टरफलांत बसून, या हाताला धरून सांगायचं कसं? आणि सांगितलं तर काय उरतं तिला? धुरळा, फडकं, आणि ते तोंड. तीस वर्षं तिनं ते एकटीनं सांभाळलं होतं, कुणी तिला विचारलं नव्हतं, त्यानंसुद्धा नाही. आता ती ते खाली ठेवून मोकळी झाली होती. जगातला एकुलता एक साक्षीदार आपली साक्ष फिरवून आनंदानं बसला होता, आणि फिरवायला लावणारा कागद शंभुलिंगच्याच सहीचा होता. त्यानं घाईघाईनं डोळे मिटून मघाचा तो दाबलेला ओठ शोधला. ओठ होता. पण आता तो कुणाचा, हे त्याला शपथेवर सांगता आलं नसतं. चादरीतलं ते दुसऱ्याच कुणाचं लेकरूही रुसत असेल.

"आसू दे आसू दे, रडू नगंस," आत्या म्हणाली. "मला बी लई रडू आलं." ती गुडघ्यावर हात टेकून उठली. सुनेला हाक मारून तिनं डबा मागवला, त्यात शेंगांची चटणी दाबून भरली, वरून कागद लावला. मग आतून एक खण आणला, हिरवा, घडीवर पिवळा पडलेला. "पुण्याला जाशील तवा हे दे तिला. म्हणावं, आत्यानं दिलंय. माहेरचं कुणी आलं न्हाई म्हणून राग धरून बसली आसंल." खण हातात धरून ती जरा घुटमळली. चाचरत, लाजल्यासारखं करत तिनं विचारलं, "लेकरं किती हाईत रं तिला?"

सून चहाचे कप घेऊन दारात थांबली होती. हायवेवरून एक ट्रक गेला आणि भांडी वाजून थांबली. शंभुलिंगला उत्तर माहीत होतं. त्या चौथ्या मजल्यावरची दोन लेकरं, आईचं नाव न सांगता, सातव्या भागात आधीच येऊन गेली होती, आणि सगळे सात भाग त्याला पाठ होते.

"दोन," तो म्हणाला. "थोरली पोरगी हाय. धाकटा पोरगा."

"पोरगी कुनावर गेलीय?"

"भुवीवर," शंभुलिंग म्हणाला. आत्यानं डोळे पुसले आणि आणखी एक खण आणायला ती आत गेली.